दुकानामागच्या बोळाचं काय करायचं?

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, यांपैकी कुठल्याही गावात वाइन शॉपच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावं. बोळाच्या तोंडाशी अंडाभुर्जीची गाडी, गाडीवर एक बल्ब, आणि त्याच्या उजेडापलीकडे उभी आठ-दहा माणसं. एकाच्या हातात क्वार्टर, दुसऱ्यानं दातानं फोडलेलं पाण्याचं पाऊच, भिंतीच्या कठड्यावर प्लास्टिकचा ग्लास. निम्मी क्वार्टर ग्लासात, वर पाऊच, चार घोटांत ग्लास रिकामा. मग उरलेली निम्मी. तोंडात चिमूटभर शेव. बाटली भिंतीपलीकडे भिरकावली जाते, फुटल्याचा आवाज येतो, तोवर माणसानं मोटारसायकलला किक मारलेली असते. जळगावचा बोळ असेल तर तो शिरसोलीच्या नाहीतर ममुराबादच्या रस्त्याला लागतो. सगळं मिळून दहा मिनिटं.

शहरात उघड्यावर पिण्यासाठी ठरावीक जागा असावी का, हा प्रश्न आला की बहुतेक चर्चा संस्कृतीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ती या बोळापासून सुरू व्हायला हवी. उघड्यावर पिण्याच्या जागा आपल्या शहरांत आजही आहेत आणि त्या कुठे आहेत हे पोलिसांपासून पानटपरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मेहरूण तलावाची कडा, पांझरेचा काठ, रेल्वेची पडीक मैदानं, बंद पडलेल्या शाळेचा व्हरांडा. त्यांना उजेड नाही, मुतारी नाही, वेळ नाही आणि धनी नाही.

माझं म्हणणं असं : बाजारपेठेत, चौकात किंवा नदीकाठी पिण्याची मोकळीक खानदेशातल्या एकाही शहरानं देऊ नये. पण परवानाधारक दुकानांजवळ, महापालिकेच्या ताब्यात, कुंपण घातलेलं आणि वेळ बांधलेलं एक आवार सहा महिने करून पाहावं. दारू चांगली म्हणून मी हे म्हणत नाही. बोळात जे घडतं ते दारूच्या सगळ्यात वाईट रूपांपैकी एक आहे, म्हणून म्हणतो.

त्या दहा मिनिटांचा हिशेब आधी मांडू, कारण खरी गोम तिथे आहे. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. क्वार्टरच्या १८० मिलीत ७७ मिली, म्हणजे वजनात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पासष्ट किलोच्या पुरुषानं ते रिकाम्या पोटी झटपट घेतलं तर रक्तातलं प्रमाण दर १०० मिलीला १३० ते १४० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ३०. शरीर हे तासाला पंधराएक मिलिग्रॅमच्या गतीनं उतरवतं, म्हणजे मर्यादेखाली यायला सहा-सात तास. त्याहून वाईट गोष्ट अशी की हे प्रमाण शेवटच्या घोटानंतरही चढत राहतं. शिखर गाठायला अर्धा तास, कधी तासभर लागतो. ‘मला काही चढलेली नाही’ असं सांगून माणूस गाडीवर बसतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला चढते ती वाटेत, गावाच्या फाट्यावर, समोरून ऊस नाहीतर केळी भरलेला ट्रक येत असताना.

आणि तो इतक्या घाईनं का पितो? कारण तो चोरून पितो. पोलिसांची गाडी कधी येईल सांगता येत नाही, उभं राहायला जागा नाही, बोळाला मुताचा वास आहे. पिण्याचा वेग त्या जागेनं ठरवला आहे. तीच क्वार्टर माणसानं बसून, पोटात भाकरी असताना, साठ-साठच्या तीन ग्लासांत अडीच तास घेतली तर शिखर बरंच खाली राहतं. तरीही ते मर्यादेच्या वरच राहतं, हे इथेच सांगितलं पाहिजे. म्हणजे आवार झालं की माणूस गाडी चालवायला मोकळा, असं कुणीही समजू नये. गाडीचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. तो पुढे येईलच.

आता माणूस परमिट रूममध्ये का जात नाही? पैशामुळे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं आणि १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, महाराष्ट्रात बनणाऱ्या धान्याच्या मद्याला १४८ आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५ रुपये अशी ठरली. परमिट रूममध्ये याच बाटलीवर हॉटेलवाल्याचा नफा, दहा टक्के व्हॅट आणि टेबलावरच्या दोन प्लेटा चढतात. जिनिंगमध्ये रुई ओढणारा, दाणा बाजारातला हमाल, बांधकामावरचा मिस्त्री यांना ते परवडत नाही. ज्याला परवडतं तो एसीत बसतो आणि कायद्यानं सुरक्षित असतो. ज्याला परवडत नाही तो बोळात उभा राहतो आणि गुन्हेगार ठरतो. दोघांनी बाटली मात्र सरकारचा कर भरूनच घेतलेली असते. दुकानातून विकायची पण प्यायला जागा द्यायची नाही, ही व्यवस्था सरकारचीच आहे आणि तिची जबाबदारीही सरकारनंच घ्यायला हवी.

कायदा या बाबतीत ढिला नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे. परवान्याशिवाय पिण्याची जागा चालवणं कलम ६८ खाली गुन्हा, तिथे पिताना सापडणं कलम ८४ खाली, सार्वजनिक ठिकाणी झिंगून गोंधळ घालणं कलम ८५ खाली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये झिंगलेल्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी त्रास देणाऱ्याला चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. कलमांची कमतरता नाही. अडचण अशी की भुर्जीच्या गाडीवर केस झाली तरी गाडी दोन दिवसांत दुसऱ्या कोपऱ्यावर लागते आणि गिऱ्हाईक तिच्यामागे जातं. शंभर ठिकाणी पांगलेल्या पिण्यावर नजर ठेवण्याइतके पोलीस कुठल्याच ठाण्यात नसतात.

परदेशातल्या उदाहरणांचा दाखला देणारे इथे एक चूक करतात. अमेरिकेत ओहायो राज्यानं २०१५ मध्ये कायदा करून शहरांना, जिथे लोक दारूचा पेला हातात घेऊन उघड्यावर फिरू शकतात, अशा हद्दी आखायची मुभा दिली. नॉर्थ कॅरोलिनानं २०२१ मध्ये. नॉर्थ कॅरोलिनात पेला काचेचा चालत नाही, १६ औंसांपेक्षा म्हणजे सुमारे ४७३ मिलीपेक्षा मोठा चालत नाही, त्यावर विकणाऱ्याचं नाव लागतं आणि हद्दीवर पाट्या लावाव्या लागतात. नियम चोख आहेत. पण ते कशासाठी केले? तिथल्या अनेक शहरांचा मध्यभाग ऑफिसं सुटली की ओस पडतो. लोकांनी तिथे यावं, दुकानं चालावीत म्हणून. आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पाय ठेवायला जागा नसते. साडी घ्यायला आलेल्या बाया, क्लासहून सुटलेल्या मुली, एसटी पकडायला निघालेली खेड्यातली माणसं. त्या गर्दीत हातात ग्लास घेऊन फिरायची परवानगी म्हणजे निम्म्या लोकांकडून बाजार काढून घेणं. अमेरिकेकडून पेल्याचा नियम घ्यावा, पाटीचा घ्यावा, जागा घेऊ नये.

गोव्यासारख्या राज्यानंही २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर पिणाऱ्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार दंडाची तरतूद केली, ती किनाऱ्यावर पसरलेल्या काचांमुळे. सिंगापुरात २०१३ च्या लिटल इंडिया दंगलीनंतर २०१५ चा कायदा आला आणि रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक ठिकाणी पिणं बंद झालं. जागा आणि वेळ, या दोन गोष्टी बांधल्याशिवाय कुणाचंच भागलेलं नाही.

आपल्याला खरा धडा मात्र शेजारून मिळतो. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथे दारूच्या दुकानाला लागून ‘अहाते’ असत : दुकानातून घ्यायची आणि शेजारच्या आवारात बसून प्यायची. राज्य सरकारनं २०२३ च्या अबकारी धोरणात ते सगळे बंद केले. ‘तिकडे बंद करावं लागलं, मग इकडे कशाला?’ असं कुणी विचारील, आणि तो रास्त प्रश्न आहे. मला त्या व्यवस्थेतला मूळ दोष असा दिसतो की विकणारा आणि बसवणारा यांचं हित एकच होतं. माणूस जितका जास्त वेळ बसेल, जितकी दुसरी-तिसरी बाटली घेईल, तितका दुकानदाराचा फायदा. अशा धन्याकडून ‘पुरे झालं, घरी जा’ हे वाक्य येत नाही. म्हणून पहिली अट : आवार दुकानदाराचं नको, त्याच्या भावाचं-मेहुण्याचंही नको, आणि ठेक्यानं तर मुळीच नको. ते पालिकेच्या पगारी माणसांनी चालवावं, ज्यांना बाटलीमागे एक पैसाही मिळत नाही.

जागा किती लागेल? दोन गुंठे, म्हणजे २,१७८ चौरस फूट. मुतारी, पाणी, काउंटर वजा करून दीड हजार फूट उरतं. माणशी पंधरा फूट धरले तर एका वेळी शंभर माणसं. त्याहून मोठं करू नये. शंभराच्या पुढे गर्दी गेली की दोन माणसांचं भांडण वीस जणांचं व्हायला वेळ लागत नाही. कुंपण सहा फुटांचं, पण भिंत नको, जाळी हवी, म्हणजे पोलिसांना बाहेरून आतलं दिसतं. फाटक आत यायला एक आणि बाहेर जायला एक, दोन्ही वेगळ्या बाजूंना. पंचवीस माणसांमागे एक याप्रमाणे चार मुताऱ्या आणि दोन संडास, त्यातला एक बायकांसाठी; आवार सफाई करणाऱ्या बायांनाही तो लागतोच. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पिण्याच्या पाण्याची हजार लिटरची टाकी आणि वापराची दोन हजारांची आधी बसवायची, फाटक नंतर. वर पत्रा नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली रात्री आठलाही भट्टी असते. त्यापेक्षा रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट दोन पदरी. दारूनं लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं. उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाला ती थेट चक्कर आणते. म्हणून दर ग्लासामागे दोन ग्लास पाणी, फुकट, रांजणातलं.

बाटली आत न्यायची ती सीलबंद आणि पावतीसह. काउंटरवर ती फोडायची, तिथेच क्रेटमध्ये ठेवायची, आणि माणसाला साठ मिलीच्या खुणेचा स्टीलचा ग्लास द्यायचा, पन्नास रुपये अनामत घेऊन. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे ग्लास राज्यात २०१८ पासून आणि देशभर जुलै २०२२ पासून बंद आहेत; बोळात रोज जे पायदळी पडतात ते मुळातच बेकायदा आहेत. पहिला ग्लास संपल्यावर पस्तीस-चाळीस मिनिटांनी दुसरा. एका माणसाला एका संध्याकाळी १८० मिली किंवा बिअरची एक मोठी बाटली, एवढंच. या एका नियमावर सगळ्यात जास्त वाद होतील आणि तोच सोडता कामा नये.

प्रवेशासाठी नवं कार्ड काढायची गरज नाही. आपल्याकडे पिण्याचा परवाना आहेच : विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीसाठी दोन रुपयांत, वर्षाचा शंभर आणि आयुष्यभराचा हजार रुपयांत. दुकानात तो सहसा कुणी मागत नाही. फाटकावर तो मागितला की वयाची तपासणी आपोआप होते. सौम्य बिअरला एकवीस आणि कडक मद्याला पंचवीस वर्षं ही अट कागदावरून रस्त्यावर येते.

खाण्याबद्दल थोडं. दुकानांभोवती मिळणारा चकणा खारट आणि तिखट असतो. त्यानं तहान वाढते आणि तहानेसरशी ग्लास उचलला जातो. आवारात बचत गटाला एक गाडी द्यावी आणि तिथे जेवण मिळावं : कळण्याची भाकरी, शेवभाजी, उकडलेली अंडी, खिचडी. पोटात अन्न असलं की दारू आतड्यात हळू उतरते. गटातल्या बायांनी आत यायचं नाही. गाडी कुंपणाला लावून खिडकीतून ताट द्यायचं.

गाड्यांचं काय? आवाराभोवती शंभर मीटर पार्किंग नाही. गाडीवर आलेल्यानं चावी काउंटरवर द्यायची, टोकन घ्यायचं. बाहेर पडताना श्वास तपासणीचं यंत्र. प्रमाण जास्त तर चावी सकाळी सातनंतर. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, ही पाटी काउंटरच्या मागे मोठ्या अक्षरांत लावावी. जवळच्या दहा-पंधरा खेड्यांसाठी शेअर रिक्षांचा थांबा बाहेरच्या फाटकाला. चावी न देणाऱ्याला प्रवेश नाही; पण तो गाडी लपवून येईल, हे गृहीत धरायला हवं. म्हणून आवार सुरू झाल्यापासून आसपासच्या दोन रस्त्यांवर साडेआठ ते साडेदहा रोज नाकाबंदी, आठवड्यातून एकदा नव्हे.

वेळ सहा ते साडेनऊ. शेवटचा ग्लास पावणेनऊला. ड्राय डेला बंद, मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत बंद. भिंतीवर व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक, १४४४६, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशक. रोज येणारी माणसं कोण आहेत हे प्रथमच कुणाला तरी दिसेल. बोळातल्या अंधारात कोण बुडत चाललंय ते बायको सोडून कुणालाच माहीत नसतं.

पैशाचा अंदाज : वीस रुपये प्रवेश, रात्री दोनशे माणसं, महिन्याचे सव्वीस-सत्तावीस दिवस, म्हणजे लाखभर रुपये. दोन सफाईवाले, दोन पहारेकरी, एक पर्यवेक्षक यांच्या पगारात पाऊण लाख जाईल, उरलेल्यात दिवे, पाणी, यंत्राच्या नळ्या. पालिकेला यातून कमाई होणार नाही आणि होऊही नये.

बिघडेल कुठे, तेही सांगतो. पहिल्या महिन्यातच रांग रस्त्यावर येईल. तेव्हा शंभराच्या वर आत घेण्याचा मोह होईल. कुठलीतरी निविदा निघेल आणि ठेका कुणाच्या तरी माणसाकडे जाईल. आवार भरलं म्हणून बोळ पुन्हा भरेल आणि पोलीस म्हणतील, आता तर जागा दिलीय, आमचं काम संपलं. खरं तर काम तेव्हा सुरू होतं : जागा दिल्यानंतर बोळात सापडलेल्याला सवलत नको. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, पिणं वाढेल का? सोय झाली की खप वाढतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : आवारासाठी एकही नवा विक्री परवाना द्यायचा नाही आणि माणशी मर्यादा ढिली करायची नाही. तरीही आजूबाजूच्या दुकानांचा खप वाढला, तर ते आकडे राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे दर महिन्याला असतातच. ते पाहून निर्णय घ्यावा.

नंदुरबार जिल्ह्यात हे करू नये असं माझं मत आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं दारूबंदीच्या गुजरातेत आहे. तिथे आवार काढलं तर त्या बाजूची माणसं येतील आणि परत जाताना आपल्याच रस्त्यावरून गाड्या हाकतील. अक्राणी-अक्कलकुव्याचा प्रश्न तर निराळाच. तिथे मोहाची दारू सणाला अंगणात घेतात, पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, समोर घरातली म्हातारी माणसं. किती आणि कधी हे तिथे रीत ठरवते. शहरातल्या एकट्या माणसाला ती रीत नाही, म्हणून त्याला फाटक आणि साठची खूण लागते. पाड्यावर पालिकेचं फाटक न्यायची गरज नाही.

महापालिकेच्या ठरावानं मात्र यातलं काहीच होणार नाही. दारूबंदी अधिनियमाखाली राज्य सरकारला नियम करावा लागेल आणि त्या नियमात प्रभागातल्या बायकांचा हक्क आधी लिहावा लागेल. दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आपल्याकडे आहे : पंचवीस टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान, आणि ठरलेलं बहुमत आडव्या बाटलीला मिळालं की दुकान बंद. आवारासाठी हेच मतदान सुरू करण्याआधी घ्यावं, आणि फक्त महिलांचं. प्रभागातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी हो म्हटलं तरच फाटक लागेल. त्या नाही म्हणाल्या तर दुसरा प्रभाग शोधावा. कुठलाच मिळाला नाही तर विषय संपला.

सहा महिन्यांनी मोजायचं काय, हेही त्याच नियमात हवं. आसपासच्या दोन रस्त्यांवर कलम १८५ खाली किती केसेस झाल्या. बोळातून आणि तलावाच्या कडेवरून सफाई कामगारांनी रोज सकाळी किती किलो काच उचलली. हे मोजायला एक तराजू पुरतो आणि आवार सुरू होण्याच्या दोन महिने आधीपासून ते मोजायला लागावं. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यानं किती बायका एकट्या जातात. काच कमी झाली नाही किंवा बायकांची संख्या घटली, तर सातव्या महिन्याच्या एक तारखेला कुलूप. तो आदेश आयुक्तांच्या सहीनं पहिल्याच दिवशी तयार ठेवावा आणि त्याची प्रत फाटकावर लावावी.